अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र

1972 च्या जूनमध्ये वडिलांनी मला शाळेच्या बोर्डिंगात आणून सोडले, तेव्हा मी सहावीत होते. त्या वर्षी आमच्या पाथर्डी तालुक्याकडे पावसाने पाठच फिरवली. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत. तेथे मिळणाऱ्या सुकडीतली, म्हणजे कोरड्या पौष्टिक खाऊतली, मूठभर सुकडी वडील मला भेटायला येताना फडक्याच्या गाठीत बांधून आणीत. बोर्डिंगात आम्ही तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी खात होतो आणि तीही पोटभर मिळते म्हणून घरच्यांची आठवण येऊन घास अडकत असे.

बोर्डिंगच्या बाई पहाटे आम्हाला लिंबाखाली बसवून बायबलमधली स्तोत्रे पाठ करून घेत. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावे स्तोत्र तर ख्रिस्ती घरातल्या प्रत्येक मुलाला येतेच, पण बाईंनी आमच्याकडून अठ्ठ्याऐंशीवेही पाठ करून घेतले. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. तेरावे स्तोत्र तर ‘कोठवर?’ असे विचारतच सुरू होते. मात्र बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात आणि अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही, ते अंधारातच संपते. एवढे उदास स्तोत्र कशाला, असे आमच्यातल्या एकीने विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, “पोरींनो, देवाशी भांडायची वेळ आली तर शब्द शोधत बसू नका. ते आधीच लिहून ठेवलेत.”

या वाक्याचा अर्थ मला एप्रिल 2021 मध्ये कळला. माझे यजमान कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आठ दिवस रुग्णालयात होते आणि नवव्या दिवशी पहाटे प्रभूजवळ गेले. त्यांना घरी आणता आले नाही. दफनभूमीत आम्ही चौघे आणि संरक्षक पोशाखातले पाळक, एवढीच मंडळी. उपासनालय बंद, सांत्वनाच्या प्रार्थना फोनवर. ‘देवाची इच्छा’ हे शब्द त्या आठवड्यात मी इतक्या वेळा ऐकले की फोन वाजला की अंगावर काटा येई. बोलणाऱ्यांचे मन चांगले होते, तरीही शोक पुरता बाहेर पडण्याआधीच त्यावर उत्तराचे झाकण ठेवणे हा दुखावलेल्या माणसावर अन्याय आहे, असे मला आजही वाटते.

मला प्रार्थना जमेना. प्रभूची प्रार्थना सुरू केली की ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ याच्या पुढे जीभ वळत नसे. अशाच एका रात्री, त्यांच्या रिकाम्या कॉटच्या कडेला बसले असताना, लिंबाखाली घोकलेले ते स्तोत्र ओठांवर आपोआप आले आणि मी ते शेवटच्या अंधारापर्यंत मोठ्याने म्हटले. माझ्या लक्षात आले की ही सगळी तक्रार देवालाच उद्देशून आहे. पहिल्याच ओळीत स्तोत्रकर्ता त्याला आपल्या तारणाचा देव म्हणतो आणि मग मन मोकळे करतो. वधस्तंभावर प्रभू येशूनेही बाविसाव्या स्तोत्राचेच शब्द उच्चारले होते: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ज्याने स्वतः हा प्रश्न विचारला, त्याच्यासमोर मला खोटे धैर्य दाखवण्याची गरज नव्हती. त्या रात्री कित्येक दिवसांनी मला झोप लागली.

शाळेत ऐकलेली पंडिता रमाबाईंची हकिगतही त्या दिवसांत मला वेगळी उमगली. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या, पण केडगावच्या मुक्तिसदनात पवित्र शास्त्र मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठीत आणण्याचे काम त्यांनी या दुःखातही सोडले नाही. लहानपणी मला त्यात फक्त चिकाटी दिसली होती. आता वाटते, त्या शब्दांचा आधार त्यांना स्वतःलाही हवा असेल.

गेली तीन वर्षे मी आमच्या चर्चच्या मंडळीतील शोकाकुल घरी जाते. तेथे मी काही समजावत नाही, विचारल्यावाचून वचनही सांगत नाही. गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधी, तरुण मुलगा गमावलेल्या एका माउलीने मला काहीतरी वाचायला सांगितले. मी अठ्ठ्याऐंशीवे वाचले. ती बराच वेळ पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली आणि म्हणाली, “हे असं देवाला बोललेलं चालतं?” मी मान डोलावली, पुस्तक तिच्या मांडीवर ठेवले आणि पुढच्या वेळी तिने ते स्वतः वाचले.