फिरता दिवा: चौथ्या शेवटाला वाटच नव्हती

पर्याय निवडत पुढे न्यायच्या माझ्या "फिरता दिवा" या गोष्टीच्या खेळातल्या चौथ्या शेवटाचं कोडं सुटलं. तो दुर्मीळ नव्हता की अवघडही नव्हता, त्याच्यापर्यंत पोचायला रस्ताच नव्हता. "बॉटला अजून पळू दे, लागेल कधीतरी" असं सुचवणाऱ्यांना कळवतो की बॉट (डोळे मिटून पर्याय निवडत खेळ खेळणारा प्रोग्राम) जन्मभर पळाला असता तरी तो लागला नसता.

मध्ये बरेच दिवस गेले, म्हणून थोडी उजळणी. पाकीट न फोडता तिसऱ्या रात्री कप्तानाला नावाने हाक मारली, की चौथा शेवट. सगळ्या खेळातला माझा सर्वांत लाडका प्रसंग तिथे आहे आणि तो मी सोडून कुणीच पाहिलेला नाही. मीसुद्धा इंकीत (इंक या गोष्ट-खेळ लिहायच्या भाषेच्या संपादकात) थेट त्या नॉटवर, म्हणजे गोष्टीच्या त्या तुकड्यावर, उडी मारून पाहिलेला. चाचणी खेळणाऱ्यांपैकी कुणालाच तो लागला नाही तेव्हा वाटलं, असेल बुवा अवघड. यादृच्छिक बॉटलाही लागला नाही तेव्हा मात्र पाल चुकचुकली.

या बॉटच्या निकालावर किती विश्वास ठेवायचा, हा मूळ प्रश्न. चौथ्यासाठी नऊ दुहेरी फाटे बरोबर पडावे लागतात. म्हणजे डोळे मिटून खेळणाऱ्याला तो ५१२ मध्ये एकदा लागायला हवा. हजार खेळ खेळवले तरी तो एकदाही न लागण्याची शक्यता साधारण १४ टक्के उरते. फाटे बारा असते तर प्रमाण ४,०९६ मध्ये एक झालं असतं आणि हजार खेळांत तो न दिसण्याची शक्यता ७८ टक्क्यांवर गेली असती. थोडक्यात, बॉटला शेवट लागला तर ती बातमी खरी, आणि लागला नाही तर ती बातमीच नव्हे. हे माहीत असूनही आपण सगळे त्याच्याच आकड्यांवर खेळाचा तोल ठरवतो!

म्हणून नशिबावर चालणारा बॉट बाजूला ठेवला आणि सगळ्या वाटा धुंडाळणारा लिहायला घेतला. कल्पना सरळ आहे. पर्याय समोर आले की स्टोरीची स्टेट, म्हणजे त्या क्षणाची सगळी स्थिती, जेसन या मजकुराच्या साच्यात साठवायची, एक पर्याय निवडून पुढे जायचं, मग साठवलेली स्टेट परत भरून दुसरा निवडायचा. पाहिलेल्या स्टेट एका संचात टाकायच्या, तीच पुन्हा आली की मागे फिरायचं. इंकजेएसमध्ये, म्हणजे इंकच्या जावास्क्रिप्ट आवृत्तीत, हे अर्ध्या पानात होतं. माझं झालंही.

फक्त ते थांबेना. दिव्याच्या खोलीत एक हब आहे, प्रत्येक पर्यायानंतर फिरून परत येण्याची जागा. तिथले पर्याय अधिक चिन्हाचे, म्हणजे कितीही वेळा निवडता येणारे. वात तपासायची, परत हबवर. समुद्र न्याहाळायचा, परत हबवर. माणसाच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं, पण इंकच्या जेसनमध्ये प्रत्येक निवडीगणिक चालीचा आकडा एकने वाढतो, आणि भेटींचे आकडे (कुठल्या जागी किती वेळा आलो ते) वाढतात. त्यामुळे दोन स्टेट कधीच सारख्या ठरत नाहीत आणि बॉट हबभोवती अखंड प्रदक्षिणा घालत राहतो.

यानंतरचा सगळा वेळ एकाच प्रश्नात गेला: दोन स्टेट "सारख्या" कधी म्हणायच्या? चालीचा आकडा काढला, कारण टर्न्स-सिन्स (अमुक जागा सोडून किती चाली झाल्या हे सांगणारी सोय) मी कुठेच वापरत नाही. यादृच्छिक आकड्यांचं बीज काढलं, कारण शफल, म्हणजे मजकूर अदलून-बदलून दाखवणं, फक्त पावसाच्या वर्णनांना आहे, कथेची वाट त्यावर फुटत नाही. भेटींच्या आकड्यांपाशी गाडं अडलं. ते सगळेच ठेवले तर प्रदक्षिणा चालूच. सगळेच काढले तर त्याहून वाईट, कारण एकदाच निवडता येणारा ताऱ्याचा पर्याय वापरून झालाय की नाही हे इंक भेटींच्या आकड्यावरूनच ठरवतं. म्हणजे गोष्टीतल्या म्हाताऱ्याला सगळं विचारून झालेली स्टेट आणि तोंडही न उघडलेली स्टेट एकच समजली जाते. त्या अवस्थेत बॉटने छातीठोकपणे सांगितलं की पहिला शेवटसुद्धा अशक्य आहे. तो तर निम्म्या लोकांना लागतो.

मग कुठल्या नॉटचा आकडा कुठल्या अटीत वापरलाय याची यादी हाताने करायला बसलो. ती कशी सुरू झाली आणि कुठे सोडून दिली हे सांगण्यात अर्थ नाही. सुटका निघाली कंपायलरमध्ये, म्हणजे लिहिलेली गोष्ट चालवण्याजोग्या रूपात बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये. इंकच्या कंपायलरला "सगळ्या भेटी मोज" असा एक पर्याय आहे. तो बंद ठेवला की ज्या जागांचा आकडा कथेला खरोखर लागतो तेवढ्याच मोजल्या जातात: ज्या अटींत वापरल्यात त्या, ताऱ्याचे पर्याय वगैरे. माझ्या बांधणीत (बिल्डमध्ये) तो चालू होता. बंद केला आणि जेसनमधला भेटींचा ढीग आपोआप मुद्द्यापुरता उरला. जी यादी मी हाताने करत होतो ती कंपायलरकडे पहिल्यापासून तयार होती.

शेवटची अडचण विश्वासाच्या गुणांची. पाकीट फोडलेलं असलं की म्हाताऱ्याशी गप्पा मारत राहून त्याचा विश्वास वाढत जातो, त्यालाही अंत नाही. पण चाराच्या वर कुठलीच अट बघत नाही, म्हणून तुलनेपुरता तो पाचवर कापला. पुन्हा चालवला आणि बॉट थांबला! आपला प्रोग्राम नुसता थांबला म्हणून इतका आनंद मला पूर्वी झाला नव्हता.

निकाल: पाचपैकी चार शेवट शक्य, चौथा अशक्य. आता हा "नाही" खरा "नाही" होता.

कारण शोधायला मग फार वेळ लागला नाही. कप्तानाचं नाव दोनच ठिकाणी कळतं. एक पाकिटातल्या पत्रात, आणि ते तर फोडायचं नाही. दुसरं म्हाताऱ्याकडून, पण तो नाव सांगतो विश्वास चार झाल्यावर. पाकीट न फोडता विश्वास तीनपर्यंतच चढतो. चौथा गुण मिळतो जहाजाबद्दलच्या संवादात, आणि तो संवाद उघडतो नाव माहीत असेल तरच. नावासाठी विश्वास, विश्वासासाठी नाव. दोन्ही अटी आपापल्या जागी शहाण्या आहेत, दोन वेगळ्या फायलींत आहेत, आणि एकमेकींचा रस्ता अडवून उभ्या आहेत. इंक याबद्दल कसली सूचना देणार? व्याकरणाच्या दृष्टीने सगळं निर्दोष आहे. असे खेळ बनवायची दुसरी साधनं म्हणजे रेनपाय आणि ट्वाइन, पण रेनपायच्या लिंटने (चुका शोधणाऱ्या तपासणीने) किंवा ट्वाइनच्या नकाशानेही हे दाखवलं नसतं. नकाशात बाण दिसतात, बाणावरची अट कधी खरी होऊ शकते का हे दिसत नाही. (ट्वाइनचा नकाशा गोष्टीच्या शंभर पॅसेजनंतर मला कशासाठीच वाचता येत नाही, हा माझा जुना आकस आहेच.)

सरळ दुरुस्ती म्हणजे पहिल्या रात्री कुठेतरी विश्वासाचा एक गुण जास्त द्यायचा. करून पाहिली. वाट मोकळी झाली, पण भलत्यांचीही. पाकीट न फोडणाऱ्या जवळपास प्रत्येकाला म्हातारा तिसऱ्या रात्री नाव सांगून टाकायला लागला. मग पाकीट फोडावं की नाही या निवडीत राम उरत नाही, आणि सगळा खेळ तर त्याच निवडीवर उभा आहे. सॅम काबो ॲशवेलने २०१५ मध्ये पर्याय-खेळांच्या रचनांची यादी केली, तिच्यातला आपला "ब्रांच अँड बॉटलनेक" प्रकार असाच बिघडतो. फांद्या गळ्यापाशी एकत्र येतात तेव्हा मागचं सगळं एका आकड्यात कोंबलं जातं, आणि त्या आकड्याला कुठे काय घडलं होतं याची आठवण नसते.

म्हणून विश्वास हा व्हेरिएबलच काढायचा असं ठरवलं. गुणांऐवजी इंकची लिस्ट ठेवायची: कोणाला काय माहीत आहे, एवढंच. म्हाताऱ्याला माहीत आहे की तू पाकीट फोडलं नाहीस. तुला माहीत आहे की तो त्या जहाजावर होता. आकडा वाढला म्हणून माणूस बोलता होतो ही गोष्ट मला तशीही कधी पटली नव्हती. ही नोंद लिहायला घेतली तेव्हा एवढीच योजना होती.

पण वरचा "नावासाठी विश्वास" वाला परिच्छेद लिहिताना एक वेगळंच सुचलं. नाव पात्राला माहीत नाही, पण खेळणाऱ्याला असू शकतं. पहिल्या खेळात पाकीट फोडलं, पत्र वाचलं, कुठलातरी शेवट पाहिला. दुसऱ्या खेळात पाकीट तसंच ठेवलं आणि तरीही नावाने हाक मारली. मग ती गाठ सोडवायचीच कशाला? खेळाच्या आत तिला सुटका नाही, बाहेर आहे. "आउटर वाइल्ड्स" (२०१९) हा खेळ जवळजवळ सगळा याच तत्त्वावर उभा आहे: पुढे जायला वस्तू किंवा गुण लागत नाहीत, काय करायचं हे कळलेलं असावं लागतं. "अंडरटेल" (२०१५) हा दुसरा खेळ मागची खेळी स्वतः लक्षात ठेवतो आणि तुम्हाला टोमणे मारतो. तेही भारीच, आणि ब्राउझरमध्ये तशी आठवण साठवणं सोपं आहे. पण मला इथे ते नको. खेळाने काहीच लक्षात ठेवू नये, खेळणाऱ्याने ठेवावं.

नाव घ्यायचं कसं, हा प्रश्न उरतो. इंकला मजकूर टाइप करून घेता येत नाही, त्यासाठी बाहेरून खिडकी जोडून व्हेरिएबल भरावा लागतो. देवनागरीत टाइप करायचं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आला, आणि शुद्धलेखनामुळे शेवट हुकला अशी तक्रार मला ऐकायची नाही. त्यापेक्षा जहाजाच्या नोंदवहीचं पान समोर ठेवायचं, त्यावर बारा नावं, त्यातलं एक निवडायचं. अंदाजाने लागण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास. इतकं नशीब मी चालवून घेईन. निवड केल्या केल्या, कप्तानाचं उत्तर यायच्या आधीच सेव्ह होईल, म्हणजे मागे फिरून दुसरं नाव घेता येणार नाही. हा दुष्टपणा वाटेल, असू दे.

नाव दर खेळाला बदलावं का? बदललं तर मागच्या खेळातलं ज्ञान फुकट जातं, नाही बदललं तर कुणीतरी ते उघड लिहून टाकणार. मी न बदलण्याच्या बाजूने आहे. उत्तर आधी वाचून खेळणाऱ्यापासून खेळ वाचवण्यात माझा वेळ घालवणार नाही.

आणि चुकीचं नाव घेतलं तर? इथे पुन्हा बेत बदलतोय. आधी कप्तान नुसता पाठ फिरवणार होता. पण त्या पानावरची बाकीची अकरा नावं बुडालेल्या खलाशांची असतील तर प्रत्येक चुकीच्या हाकेला त्याच्याकडे उत्तर आहे. अकरा छोटी उत्तरं, सगळी एकाच गॅदरला, म्हणजे फाटे परत एकत्र येतात त्या जागी, येऊन मिळणारी. नवी फांदी एकही नाही, लिहायला फार तर दोन पानं. एवढं झालं की पाचव्या शेवटात जहाज बुडाल्याची जी लांबलचक हकीकत आहे तिची गरजच उरत नाही. पाचवा शेवट तसाही दुसऱ्याचा सावत्र भाऊ वाटायचा. तर पाच नाही, चारच शेवट. चौथ्याचा क्रमांक चौथाच राहणार.

धुंडाळणाऱ्या बॉटला या बदलाचा त्रास नाही, त्याच्या लेखी बारा नावं म्हणजे बारा पर्याय. पण पाकीट न फोडता सगळे शेवट शक्य, असं तो आता आनंदाने सांगेल आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरंही असेल. खेळणाऱ्याला ते नाव निवडायचं काही कारण होतं का, हे त्याला कळायचं नाही. त्यासाठी माणसंच लागणार.

बाकी किरकोळ. अक्षर-अक्षर उमटणारा मजकूर काढून टाकला. ब्राउझरच्या सेगमेंटरने (मजकुराचे अक्षरांत तुकडे करणाऱ्या सोयीने) तुकडे पाडले तर जुन्या ब्राउझरांत जोडाक्षरं मधूनच तुटतात. भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम युनिकोड या लिप्यांच्या संगणकीय मानकात १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या ब्राउझरात "प्रकाश" लिहिताना आधी पाय मोडलेला प दिसतो आणि मग तो दचकून जोडला जातो. आता शब्द-शब्द उमटतो. वाचायला उलट जास्त बरं वाटतं, वादळाच्या प्रसंगात तर फारच.

पर्यायांची भाषाही एकसारखी केली. "मी पाकीट फोडतो" की "फोडते" हा गोंधळ आता नाही, सगळीकडे "पाकीट फोडायचं", "दिवा विझवायचा", "गप्प राहायचं". दिवा राखणारी व्यक्ती बाई की पुरुष हे खेळात कुठेच ठरत नाही, आणि अटींची एक अख्खी फाइल पुसता आली.

विकत घेतलेल्या आवाजांच्या संचातला पाऊस फेकून दिला. लूप जिथे जुळतं तिथे स्पष्ट "टक्" ऐकू येतं. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं की हेडफोन बदलून पाहा. वेव्ह फाइल उघडून शेवट आणि सुरुवात एकमेकांत विरघळवली असती तर काम झालं असतं, पण इच्छा उरली नाही. सध्या मोकळ्या परवान्याचा पाऊस लावलाय, थोडा पत्र्यावर पडल्यासारखा वाजतो.

चाचणी खेळणाऱ्यांसाठी: जुने सेव्ह पुढच्या बांधणीत चालणार नाहीत. विश्वास हा व्हेरिएबल जाणार आणि तिसऱ्या रात्रीचे निम्मे नॉट नवे असणार, त्यामुळे आवृत्तीचा आकडा जुळला नाही तर खेळ सरळ पहिल्या रात्रीपासून सुरू होईल. ज्यांनी पत्र आधीच वाचलंय त्यांनी कृपया नाव कुणाला सांगू नका. ज्यांनी अजून वाचलेलं नाही अशा दोघा-तिघांची मला गरज आहे, त्यांनी आताची बांधणी उघडूच नये.