जूनमधले इंग्लिश किडे

आपल्याकडे किड्यांचा खरा हंगाम पाऊस पडला की सुरू होतो. इथे दक्षिण इंग्लंडमध्ये पाऊस बाराही महिने असतो, त्यामुळे किडे वाट बघतात ती उन्हाची. मे सरत आला की ते दिसू लागतात आणि जूनमध्ये भर येतो. सूर्य पावणेपाचलाच उगवतो, पण गवत बराच वेळ गार असतं. फोटो काढायचे तर तेव्हाच. अंगात ऊब आल्याशिवाय किड्याला उडता येत नाही. सकाळी गारठून बसलेली टाचणी (चतुरासारखा, पण बारीक अंगाचा किडा) एकदा ऊन तापलं की आपल्याला तळ्याभोवती पळवते. काही फोटोग्राफर किडा फ्रिजमध्ये गार करून फोटो काढतात. मला ते पटत नाही. आपण लवकर उठावं.

लांबच्या अभयारण्यापेक्षा जुन्या चर्चभोवतीचं कब्रस्तान मला जास्त आवडतं. तिथे गवत उशिरा कापतात आणि रानफुलं टिकतात. डेझीवर हिरवा चकचकीत ईडिमेरा भुंगेरा हमखास भेटतो. नराच्या मागच्या मांड्या पैलवानासारख्या फुगलेल्या, मादीच्या मात्र सडसडीत.

निळ्या टाचण्यांचे फोटो पाठीवरूनही काढा. ‘ॲझ्युअर’ आणि ‘कॉमन ब्लू’ या दोन जाती लांबून सारख्याच दिसतात. नराच्या पोटाच्या दुसऱ्या खंडावर इंग्रजी यू अक्षर असेल तर ॲझ्युअर, देठावरच्या आळंब्यासारखा ठिपका असेल तर कॉमन ब्लू. मॅक्रोमध्ये, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोत, जेमतेम काही मिलिमीटरच स्पष्ट येतं, म्हणून लेन्सची काच किड्याच्या अंगाला समांतर धरायची.

देठांवर कुणीतरी थुंकल्यासारखा फेस दिसतो, त्याला इथे कुकू स्पिट, म्हणजे कोकिळेची थुंकी, म्हणतात. कोकिळेचा त्याच्याशी काही संबंध नाही. आत तुडतुड्यासारख्या एका किड्याचं पिल्लू बसलेलं असतं. ते देठातला रस पितं आणि उरलेल्या पाण्यात हवा भरून हा फेस करतं. त्यात ते सुकत नाही आणि शत्रूपासूनही लपतं.

पण माझा खरा जीव वूल कार्डर या मधमाशीवर. ती एकटी राहते, पोळं बांधत नाही. लॅम्ब्ज इअर या बागेतल्या झाडाच्या लवदार पानांवरची लव मादी जबड्याने खरवडते, गोळा करून पोटाखाली धरून नेते आणि एखाद्या भोकात अंड्यांसाठी मऊ कप्पे करते. मधमाश्यांमध्ये सहसा मादी मोठी, इथे नर मोठा. त्याला नांगी नसते, पण पोटाच्या टोकाला काटे असतात. फुलांचा ताटवा तो आपलाच समजतो आणि आलेल्या गुबगुबीत बंबलबीवरही झडप घालतो. कधी कधी तिचा जीवही जातो. दांडगटच!

फोटोसाठी मात्र हा दांडगट सोयीचा. गस्त घालताना तो पुन्हा पुन्हा त्याच फुलांकडे येतो, म्हणून फुलावर आधीच फोकस लावून थांबायचं. मादी तशी येत नाही. लवेचा गोळा घेऊन उडताना ती मला अजून नीट टिपता आलेली नाही. या माश्या ऑगस्टपर्यंत दिसतात, तेव्हा अजून वेळ आहे.