झुरळाच्या श्वासनलिकांची काचपट्टी

इंदूरमधील आमच्या शाळेत अकरावीच्या मुलांना कीटकांचे श्वसन शिकवताना, पुस्तकातील आकृतीवर न थांबता झुरळाच्या श्वासनलिकांची काचपट्टी मी स्वतःच तयार केली. त्यासाठी झुरळ ताजे लागते. मेणाच्या थाळीत टाचण्यांनी पक्के करून ते पाण्याखाली उघडले, की पांढऱ्या मेदपिंडातून चंदेरी शाखा पसरलेल्या दिसतात. ही झळाळी नलिकांतील हवेमुळे असते. बरेच दिवस फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या झुरळात द्रव आत शिरतो आणि ती नाहीशी होते.

पुढे उदराचा तुकडा दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मंद आचेवर तापवला. हे काम कंटाळवाणे असते आणि वासही सुखद नसतो. परंतु स्नायू व मेद विरघळून नलिकांचे कायटिन या चिवट पदार्थाचे अस्तर तेवढे उरते. पाण्याने धुऊन, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून, वर कव्हरस्लिप टाकून पाहिले, तेव्हा नळीच्या भिंतीत स्प्रिंगसारखी वेटोळी जाडी स्पष्ट दिसली. तिच्यामुळेच नळी लवचीक राहते, पण मिटत नाही.

झुरळाला श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात : दोन वक्षावर, आठ उदरावर. तेथून आत गेलेली हवा फाटे फुटत फुटत एक मायक्रॉनहूनही बारीक नलिकांपर्यंत पोहोचते. त्यांच्या टोकाशी असलेल्या द्रवात प्राणवायू विरघळतो आणि तेथून थेट पेशीत उतरतो, म्हणूनच झुरळाच्या रंगहीन रक्ताला तो वाहून न्यावा लागत नाही.

ही शेवटची पायरी दाखवण्यासाठी सिरपूर तलावाच्या पाण्याचा थेंबही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यातील पॅरामिशियम या एकपेशीय जीवाला श्वसनाचे कोणतेच इंद्रिय नसते. जेमतेम पाव मिलिमीटरच्या देहाला पेशीपटलातून होणारे विसरण, म्हणजे वायूचे दाटीकडून विरळाकडे आपोआप पसरणे, पुरते. त्याच्या आत उघडझाप करणारी रिक्तिका, म्हणजे द्रवाची पिशवी, मुलांना फुप्फुस वाटते, पण ती जादा पाणी बाहेर टाकते, हे तिथल्या तिथे सांगितलेले बरे.

विसरण पाण्यापेक्षा हवेत सुमारे दहा हजार पट वेगाने होते, त्यामुळे हवेने भरलेल्या नळ्या असतील तर कीटकाचे शरीर पॅरामिशियमपेक्षा कितीतरी मोठे असले तरी चालते. मात्र मोठ्या, चपळ कीटकांना एवढ्यावर भागत नाही. बरणीत ठेवलेल्या टोळाचे उदर सारखे आत-बाहेर होताना मुलांनी पाहिले, तो हवा खेळवण्याचाच प्रकार होता. नंतर टोळ मैदानात सोडून दिला.