तुम्ही विचारलंत म्हणून: यंत्र अभंग रचतं, मग अक्षरं कशाला मोजायची?

‘एआय सांगाल त्या छंदात लिहून देतं, मग आम्ही छंद शिकायचा कशाला?’ कविता लिहू लागलेले बरेच जण हे विचारतात. त्यानं दिलेलं तपासायला, हे माझं उत्तर.

मोठ्या अभंगाचे चार चरण, ६-६-६-४ अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’ बोटांवर मोजून पाहा. जोडाक्षर कितीही मोठं असो, ते एकच धरायचं. एआयमागच्या भाषेच्या मॉडेलला मात्र अक्षर दिसतच नाही. ‘स्त्री’ आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोड या संगणकाच्या लिपी-संकेतात त्याचे ६ घटक, ते साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत १८ बाइट. मॉडेलपुढे येतात ते टोकन नावाचे तुकडे, आणि ते अक्षराच्या कडेवरच तुटतील असं नाही. म्हणून सहाच्या जागी पाच किंवा सात पडतात, आणि ‘मोजलं, बरोबर आहे’ असंही ते ठामपणे सांगतं.

एकेक चरण वेगळ्या ओळीत, ‘उ-भे-वि-टे-व-री’ असा सुटा करून, पुढे आकडा घालून मागा. चुका कमी होतात, संपत नाहीत. दुरुस्ती सांगितली की दुसरा रोग जडतो: ‘ते’, ‘हे’ कोंबून संख्या भरली जाते. संस्कृतात च, हि, तु यांनी पादपूरण होई, पण चार अक्षरांच्या चरणात असं एक भरताड पाव जागा खातं!

अक्षरगणवृत्तात, म्हणजे लघु-गुरू (आखूड-लांब उच्चाराच्या) अक्षरांचा क्रम ठरलेल्या वृत्तात, काम आणखी नाजूक. भुजंगप्रयातात १२ अक्षरं, चार ‘य’ गण (लघु-गुरू-गुरू असे तिनाचे गट). ‘मना सज्जना’मधला ‘स’ ऱ्हस्व असूनही ‘ज्ज’च्या आघातानं गुरू होतो, ‘तुझ्या’तला ‘तु’ मात्र लघुच राहतो, कारण तिथं आघात नाही. ‘जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू’ हा नियम सरसकट लावला की इथं फसगत होते. निवाडा कानाचा.

शब्दांचंही तसंच. मॉडेल संभाव्य शब्दाकडे झुकतं, म्हणून पाऊस म्हटलं की मृद्गंध आणि आठवणी ठरलेल्या. ‘टेंपरेचर’ (शब्द निवडताना किती मोकळीक द्यायची, ती खुंटी) वाढवलं तर शब्द विचित्र होतात, नेमके होत नाहीत. माझ्या मते पहिला खर्डा आपल्याच हातचा हवा. मग अडलेल्या एकाच चरणासाठी दहा पर्याय मागा, टाळी धरून मोठ्यानं म्हणा, अडखळतील ते खोडा. एकही उरला नाही, तर आधीचा चरण बदलून पाहा. पुष्कळदा खोट तिथंच असते.