हेडसेटमध्ये शेजारी कोणीतरी हवे

दिवाळीला नागपूरहून माझा भाचा गावी आला, तेव्हा त्याने आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून भोवती दिसणाऱ्या चित्रांच्या जगात खेळ खेळण्याचे यंत्र, सोबत आणला होता. आमचे गाव देसाईगंजच्या, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या वडशाच्या, जवळ आहे. चार दिवसांत घरची, शेजारची आणि मी शिकवतो त्या शाळेतली मिळून वीसेक माणसे तो डोक्याला लावून पाहून गेली. खेळणाऱ्याला या यंत्राकडून नेमके काय हवे असते, याविषयीची माझी समजूत त्या चार दिवसांत बदलली.

चित्र अधिक स्पष्ट व्हावे, एवढीच लोकांची अपेक्षा असेल, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात चित्राबद्दल फारसे कोणी बोललेच नाही. हेडसेट लावल्याबरोबर प्रत्येकाने आधी स्वतःचे हात पाहिले, बोटे हलवली, आणि मग समोरची वस्तू उचलून पाहिली. सातवीतल्या एका मुलाने खेळातला मोठा दगड उचलला आणि तो लगेच म्हणाला, ‘‘सर, याले वजनच नाही.’’ खेळताना हातात धरायचा कंट्रोलर थरथरतो, हेडसेटवरचे कॅमेरे बोटांच्या हालचालीही ओळखतात. परंतु दगडाचे ओझे तळहातावर आणून ठेवणे त्यांना जमत नाही. पोती उचलणाऱ्या घरातल्या मुलाला ही उणीव पहिल्याच मिनिटाला जाणवली.

दुसरी अपेक्षा भोवळीसंबंधी होती. माझ्या आईने दरीवरून उडत जाण्याचा एक खेळ पाहिला आणि दोन मिनिटांत तिला मळमळू लागल्याने बाजेवर आडवे व्हावे लागले. याचे कारण साधे आहे. शरीर वेगाने पुढे जात आहे असे डोळे सांगतात, तर आतल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर जागचे हललेलेच नाही असे सांगते. हा विरोध मेंदूला सहन होत नाही. मान वळवल्यावर चित्र बदलायला जरासाही उशीर झाला तर त्रास वाढतो, म्हणून सेकंदाला ९० किंवा त्याहून अधिक वेळा चित्र नव्याने दाखवले जाते, आणि मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ २० मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. तरीही खेळणारा खेळात धावू लागला की त्रास होतोच. त्यामुळे अनेक खेळांत चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम पोहोचण्याची सोय असते, किंवा ‘बीट सेबर’सारख्या खेळात खेळणारा उभ्या जागीच हात चालवत राहतो आणि त्याला क्वचितच भोवळ येते. मुलांना मात्र धावायचेच होते. बांधावरून धावत जावे आणि डोके गरगरू नये, ही त्यांची मागणी मला मुळीच अवाजवी वाटत नाही.

जागेची अडचण आमच्याकडे वेगळ्याच प्रकारे आली. अंगण मोठे आहे, पण उन्हात हेडसेट ठेवू नये, असे भाच्याने बजावले होते. भिंगांतून सूर्यकिरण एकवटले की आतला पडदा कायमचा जळतो. रात्री वीज गेली की अंधारात कॅमेऱ्यांना भिंती दिसत नाहीत आणि खेळ थांबतो. शेवटी धानाची पोती एका बाजूला रचून माजघरात दोन मीटर लांब-रुंद जागा मोकळी केली. हेडसेटचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असल्याने वीस मिनिटांनंतर मान अवघडते, हे सांगणारेही पुष्कळ होते.

परंतु सर्वांत मोठी अपेक्षा मला तिसऱ्या दिवशी कळली. एक जण खेळे आणि बाकीचे दहा जण पोत्यांवर बसून त्याच्याकडे पाहत. त्याला काय दिसते ते मोबाइलच्या सपाट पडद्यावर दाखवता येते, ते भाच्याने दाखवलेही. पण खेळणारा ‘‘अरे, हे पाहा!’’ म्हणून बोट दाखवी, तेव्हा त्याचे बोट आमच्या भिंतीकडे असे. थोड्या वेळाने तो गप्प होई आणि हेडसेट काढून दुसऱ्याच्या हाती देई. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या भागाची, नाटके रात्रभर चालतात, आणि त्या नाटकाची गोडी जितकी रंगमंचावर असते तितकीच शेजारी घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाच्या हुंकारात असते. नेमका तो शेजारचा माणूस हेडसेटमध्ये नाहीसा होतो. खेळणाऱ्याला दुसऱ्या जगात जायचे असते हे खरे. पण तिथे एकट्याने जायचे नसते.

एकाच खोलीतल्या दोन हेडसेटना तीच जागा वाटून घेता यावी, असे तंत्र आता आहे, आणि दूरच्या मित्रासोबत इंटरनेटवरून खेळताही येते. मात्र त्यासाठी दोन हेडसेट लागतात. २०२३ मध्ये मेटा कंपनीचा ‘क्वेस्ट ३’ हा हेडसेट बाजारात आला तेव्हा त्याची अमेरिकेतील किंमत ४९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने ४१ हजारांहून अधिक रुपये होती. त्या हंगामात साधारण प्रतीच्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. एका हेडसेटमागे सुमारे १९ क्विंटल धान, आणि दोघांनी एकत्र खेळायचे तर ३८. खेळातल्या सूचना मराठीत असाव्यात, हेही अनेकांनी बोलून दाखवले. इंग्रजी न वाचता येणाऱ्या आईला प्रत्येक पायरी कोणीतरी कानाशी सांगावी लागत होती.

भाचा निघण्याच्या आदल्या रात्री, दगड उचलणारा तोच मुलगा पुन्हा आला आणि त्याने विचारले, ‘‘सर, याच्यात पट नाही काय?’’ त्याला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, म्हणायचे होते. बैलजोडी हाकायला मिळाली तर आवडेल का, असे भाच्याने विचारले, तेव्हा तो थोडा थांबून म्हणाला, ‘‘हाकाची नाही. कडेले उभं राहून पाहाची आहे. दादा पुण्याले कंपनीत आहे, तोही तिथं बाजूले उभा पाहिजे.’’