मूळ पाहायचा की रिमेक? तुम्ही विचारलंत म्हणून

परदेशी भयपटांवर मी कुठेही चार शब्द बोललो की कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी गाठून विचारतेच: ‘मूळ चांगला की इंग्रजी रिमेक?’ त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, आणि तो बहुधा माझा चेहरा पाहून सुचलेला असतो: ‘रिमेकचे नाव काढले की तुम्ही एवढे चिडता का?’ पहिल्या प्रश्नाला ‘अर्थातच मूळ’ हे उत्तर अपेक्षित असते. ते ऐकून विचारणारा समाधानाने मान हलवतो आणि घरी जाऊन निवांतपणे रिमेकच पाहतो, कारण तो हिंदीत डब केलेला मिळतो आणि त्यात वाचावे लागत नाही. यात त्याचे काही चुकते असे मी आता म्हणणार नाही. एके काळी म्हटले आहे. ‘इंग्रजी रिमेक ही सबटायटल वाचण्याचा आळस असलेल्यांची सोय आहे’ असे एक ठसकेबाज वाक्य मी पूर्वी लिहिले होते, आणि ते मलाच ऐकवणारे लोक अजूनही भेटतात.

त्या वाक्याशी माझे आज पटत नाही, तरी ते मी मागे घेणार नाही. हिदेओ नाकाताचा जपानी ‘रिंगू’ १९९८चा आणि गोर व्हर्बिन्स्कीने केलेला त्याचा अमेरिकन रिमेक ‘द रिंग’ २००२चा. फेरीबोटीवर बिथरून समुद्रात उडी घेणाऱ्या घोड्याचा प्रसंग फक्त अमेरिकन चित्रपटात आहे. त्यात ना भूत दिसते, ना पाहणाऱ्याचा जीव घेणारी ती शापित व्हिडिओ कॅसेट, केवळ एक बाई जवळ आली म्हणून एक जनावर जिवाच्या आकांताने उधळते, आणि मला तो मूळ चित्रपटातल्या बऱ्याच प्रसंगांपेक्षा अधिक भयंकर वाटतो. ‘हॉलिवूडने वाट लावली’ असे म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की जपानी ‘जू-ऑन’चा रिमेक ‘द ग्रज’ (२००४) खुद्द मूळ दिग्दर्शक ताकाशी शिमिझूनेच केला, कथा टोकियोतच ठेवली आणि त्यातल्या भुताच्या, म्हणजे कायाकोच्या भूमिकेत ताकाको फुजीलाच घेतले. ‘द रिंग टू’ (२००५) तर नाकाताच्याच हाती दिला गेला, आणि माझ्या मते तो फसला. ‘द रिंग’ने जगभर सुमारे २५ कोटी डॉलर मिळवल्यावर जपान, कोरिया, थायलंड, हाँगकाँग इथले जे भूत हाती लागेल ते अमेरिकेत नेले गेले, आणि त्यातल्या बहुतेकांबद्दल न बोललेलेच बरे. स्पॅनिश ‘रेक’ (२००७) चा ‘क्वारंटाइन’ वर्षभरात तयार झाला, त्याच्या पोस्टरवर चित्रपटाचे अगदी शेवटचे दृश्य छापले गेले, आणि कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

माझी चीड या कशावर नाही. ती आहे शेवटाला केलेल्या हिशेबावर. मूळ चित्रपट प्रेक्षकाचे देणे तसेच ठेवून संपतो आणि रिमेक ते व्याजासकट चुकते करून त्याला घरी पाठवतो. क्रिस्टियान टाफड्रुपच्या डॅनिश ‘स्पीक नो ईव्हिल’ (२०२२) मध्ये भिडस्त पाहुण्यांच्या कुटुंबातले आईवडील भिडेपायीच मरतात, आणि २०२४च्या इंग्रजी आवृत्तीत तेच कुटुंब यजमानांशी झुंजून निसटते. मिशाएल हानेकेने १९९७चा आपला ‘फनी गेम्स’ दहा वर्षांनी अमेरिकेत इंग्रजीत केला तेव्हा जवळजवळ प्रत्येक दृश्य होते तसेच पुन्हा चित्रित केले आणि शेवटाला हात लावू दिला नाही, पण असा हट्ट धरणारा विरळा. हा मुद्दा मी वर्षानुवर्षे मांडत आलो आणि त्यासाठी नेहमी एकच उदाहरण देत आलो: जॉर्ज स्लुइझरचा डच ‘स्पोरलोस’ (१९८८) आणि त्यानेच अमेरिकेत केलेला ‘द व्हॅनिशिंग’ (१९९३). हे उदाहरण देताना माझा आवाज चढतो, हे तुम्ही पाहिले आहे. त्याचे कारण चर्चेत सांगण्यासारखे नव्हते, म्हणून इथे लिहितो.

‘स्पोरलोस’ हा टिम क्राब्बेच्या लघुकादंबरीवरून केलेला चित्रपट आहे. फ्रान्समध्ये सुट्टीवर निघालेल्या एका डच जोडप्यातली सास्किया महामार्गावरच्या पेट्रोलपंपावर थंड पेय आणायला आत जाते आणि परत येत नाही. तिचा जोडीदार रेक्स तीन वर्षे भिंतींवर तिचे फोटो चिकटवत हिंडतो. अपहरण करणारा माणूस रसायनशास्त्राचा शिक्षक असतो, बायको आणि दोन मुली असलेला, सगळ्या तयारीची टिपणे काढणारा. तो एके दिवशी स्वतःच रेक्सला भेटतो आणि सांगतो की तिचे काय झाले हे जाणून घ्यायचे असेल तर ते तुला स्वतः भोगावे लागेल. ही गुंगीची कॉफी पी.

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, १९८६ साली बार्शीच्या घरातून ‘सायकलीत हवा भरून येतो’ असे सांगून बाहेर पडले, ते आजतागायत आलेले नाहीत. सायकल दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडच्या कठड्याला टेकवलेली सापडली. तिच्या दोन्ही चाकांत हवा टम्म भरलेली होती. लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून काढून वर्तमानपत्रात जाहिरात दिली: ‘जिथे असाल तिथून निघून या, कोणी काही बोलणार नाही.’ त्या छापील चौकटीत डाव्या कडेला दुसऱ्याच कोणाचा तरी खांदा आला होता आणि तो माझ्या वडिलांचा होता. सात वर्षे ज्याची काही खबर नाही त्याला कायदा मृत मानू शकतो, हे वकिलाने सांगितल्यावर आत्याने घराच्या कागदांसाठी हवी तिथे सही केली, पण कुंकू पुसले नाही. या सगळ्या काळात लोकांनी तिला जे विचारले ते एकच: ‘तुम्हाला काहीच कसं कळलं नाही?’

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा मी एका चर्चेच्या तयारीसाठी ‘स्पोरलोस’ लावला होता. ती मेथी निवडत शेजारी येऊन बसली. पेट्रोलपंपाचा प्रसंग आला तसा मी रिमोट उचलला, तर म्हणाली, ‘राहू दे. कुठे गेली ती?’ मग मी पडद्यावरचे संवाद मराठीतून सांगत गेलो. तो शिक्षक आपल्या गावाबाहेरच्या घरी बायको-मुलींना मुद्दाम किंचाळायला लावतो आणि आवाज शेजाऱ्यांपर्यंत पोचतो का याची चाचपणी करतो, तेव्हा तिने विचारले, ‘घरच्यांना काहीच कळत नाही का रे ह्याच्या?’ आणि लगेच स्वतःच म्हणाली, ‘नाही कळत. कसं कळणार?’ मेथीच्या काड्या एका बाजूला आणि पाने दुसऱ्या बाजूला पडत राहिली. कॉफीचा प्रसंग मी अनेक प्रेक्षकांबरोबर पाहिला आहे. तिथे प्रेक्षागृहात हमखास कोणीतरी ‘नको’ म्हणते. रेक्स झाडाकडे धावतो आणि त्याने व सास्कियाने तीन वर्षांपूर्वी मुळाशी पुरलेली दोन नाणी उकरून काढतो, एवढे होईपर्यंत आत्या गप्प होती. मग म्हणाली, ‘पिणार तो.’ पुढे तो जमिनीखाली शवपेटीत जागा होतो आणि लायटरच्या उजेडात त्याला उमगते की सास्कियाचेही हेच झाले होते. मी घाईघाईने दिलासा देण्यासारखे काहीतरी बोलू लागलो. तिने मला थांबवले. ‘निदान कळलं तरी त्याला,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिला मुद्दाम ‘द व्हॅनिशिंग’ दाखवला. का दाखवला याची दोन कारणे मी आजवर स्वतःला देत आलो आहे. एक, तिला थोडे बरे वाटावे म्हणून; दुसरे, माझा मुद्दा सिद्ध व्हावा म्हणून. दोन्ही खरी असतील. त्यात कीफर सदरलँडचा नायक तसाच जिवंत पुरला जातो, पण त्याची नवी मैत्रीण रीटा येऊन त्याला बाहेर काढते, तो फावड्याने जेफ ब्रिजेसच्या शिक्षकाला ठार मारतो, आणि अखेरीस हे दोघे एका उपाहारगृहात प्रकाशकाबरोबर आपल्या पुस्तकाचे बोलत असताना कॉफीवरून विनोद होतो. आत्याने विचारले, ‘आणि ती पहिली?’ ती मेलीच, असे मी सांगितले. ‘मग ह्यात सुटलं कोण?’ असे म्हणून ती कुकर लावायला उठली.

रिमेक सांत्वन करतो आणि मूळ चित्रपट सांत्वन नाकारतो, या माझ्या आवडत्या मांडणीचे यानंतर काय उरले ते तुम्हीच सांगा. ज्या शेवटाला मी आयुष्यभर निर्दय म्हणत आलो तो तिला सुसह्य वाटला आणि ज्याला मी गोड म्हणून हिणवले त्यात तिला कोणाचेच काही भले झालेले दिसले नाही.

तरीही तिचे म्हणणे मला पूर्ण पटलेले नाही, आणि हे मी तिलाही सांगितले. रेक्सला कळले, पण त्या कळण्याचा उपयोग कोणाला? मूळ चित्रपटातही रेक्सला नवी मैत्रीण असते; तो जिला मागे ठेवून गेला त्या मैत्रिणीला आता एकाऐवजी दोन माणसे बेपत्ता आहेत, वर्तमानपत्रात दोन फोटो आहेत, आणि तो शिक्षक आपल्या कुटुंबात सुखाने बसला आहे. आत्या स्वतःला रेक्सच्या जागी ठेवते, पण खरे तर ती त्या मागे राहिलेल्या बाईच्या जागी आहे, असे मी म्हणालो. ‘माझी जागा तू नको सांगूस मला,’ असे तिचे उत्तर आले, आणि त्यावर पुढे बोलण्याची माझी हिंमत झाली नाही. मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. स्लुइझरने स्वतःच्या हाताने तो शेवट बदलला तेव्हा त्याने रेक्सची निवड पुसून टाकली, आणि त्याचे समर्थन मला अजून कोणी पटेल असे करून दाखवलेले नाही. मी चिडतो तो तिथे.

आता एक उलटा प्रश्न, कारण तो मला कोणीच विचारत नाही. विशाल फुरियाचा मराठी ‘लपाछपी’ (२०१७) त्यानेच २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला. उसाच्या शेतातले ते घर हिंदीत गेले तेव्हा मूळ चित्रपटावर अन्याय झाला म्हणून कोणी माझ्याशी भांडायला आले नाही. उलट ‘आपला सिनेमा हिंदीत गेला’ असे अभिमानाने सांगणारेच जास्त भेटले. जपानी किंवा डच प्रेक्षकांनाही इंग्रजी रिमेकचे असेच कौतुक वाटत असेल, ही शक्यता माझ्या त्या जुन्या वाक्यात धरलेलीच नव्हती. पण तेवढ्याने ते वाक्य रद्द होते असेही नाही, कारण ‘छोरी’ पाहिलेल्या किती जणांनी नंतर ‘लपाछपी’ शोधून पाहिला, असे विचारले की समोरचे विषय बदलतात.

तेव्हा मूळ की रिमेक असे विचारण्याआधी कोणता चित्रपट ते सांगा. ‘रिंगू’ आणि ‘द रिंग’ यांत मी, शिव्या खाऊनही, अमेरिकन आधी दाखवीन. ‘स्पोरलोस’च्या बाबतीत डचच, आणि तो कोणाबरोबर पाहता आहात याचा आधी विचार करून. आणि स्वीडिश ‘लेट द राइट वन इन’ (२००८) की मॅट रीव्ह्जचा ‘लेट मी इन’ (२०१०), म्हणजे स्टॉकहोमच्या उपनगरातला एकटा मुलगा की न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसचा, हे विचाराल तर माझे मत प्रत्येक वेळी शेवटी पाहिलेल्या चित्रपटाकडे झुकते. त्यावर कोणाला चिडायचे असेल तर या खेपेला तुम्ही चिडा.