आमची वाटचाल: रिपोर्टची पहिली ओळ

2011 साली कुडाळात एक एक्स-रे आणि एक सोनोग्राफी मशीन घेऊन आम्ही सेंटर सुरू केलं. रेडिओलॉजिस्ट मी, काउंटर आणि हिशोब बायकोकडे, जोडीला एक टेक्निशियन. कर्जाचे हप्ते, पावसाळ्यातली वीज, पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याची नोंदणी, त्याच कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीमागे एफ फॉर्म, यातच पहिली दोन वर्षं गेली. रिपोर्टची काळजी मला कधी वाटलीच नाही.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात आंबे काढताना झाडावरून पडलेला एक गडी आला. एल-वन, म्हणजे कमरेचा पहिला मणका पुढून चेपला होता. मला तो दिसला, मी लिहिलाही. पण आधी वयोमानाची झीज, मग वाढलेली हाडं, मग मणक्यांमधलं अंतर, आणि चेपलेला मणका पाचव्या ओळीत. त्याच्या गावच्या डॉक्टरांकडे बाहेर रांग लागलेली. त्यांनी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि गोळ्या दिल्या. दहा दिवसांनी तो माणूस कमरेत वाकून परत आला. पायांतली ताकद शाबूत होती, एवढंच नशीब. चूक त्या डॉक्टरांची नव्हती, माझी होती. त्या रिपोर्टची प्रत आजही माझ्या खणात आहे.

त्याच पावसाळ्यात दुसऱ्या एका जुन्या डॉक्टरांचा रात्री फोन आला. "डॉक्टर, तुमचो रिपोर्ट तीनदा वाचलंय. आता ह्याका बांबोळीक धाडू की घराक?" बांबोळी म्हणजे गोव्यातलं मोठं सरकारी हॉस्पिटल. मी लिहिलं होतं: उजव्या किडनीला सौम्य सूज, मुतखडा आहे, क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी तुम्हीच ताडून बघा. खडा केवढा, कुठे अडकलाय, काहीच नाही. 5 मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुतेक वेळा आपणहून पडतो. पण लघवीची वाट अडलेली आणि वर ताप असेल तर सकाळपर्यंत थांबता येत नाही. घाटात दरड आली की आमच्याकडून कोल्हापूर तुटतं. अशा ठिकाणी माझ्या एका मोघम शब्दापायी कुणाचं तरी कुटुंब रात्री गाडी शोधत फिरतं.

तेव्हापासून निष्कर्ष सगळ्यात वर जातो, आणि त्यातही आज ज्यावर काही करायला हवं ते पहिलं. फॅटी लिव्हरसारखं घाई नसलेलं खाली. अपेंडिक्स दिसलं नाही तर 'नॉर्मल' लिहायचं नाही. गॅसमुळे दिसलं नाही, भोवती पाणी वा सूज नाही, असं स्पष्ट लिहायचं. उंचावरून पडलेल्याची टाच मोडलेली निघाली तर कण्याचाही एक्स-रे सुचवायचा, कारण ही दोन फ्रॅक्चर काही वेळा जोडीने येतात. हे त्या आंबेवाल्याने शिकवलं, असंच मी मानतो.

खरं अवघड काम पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचं निघालं. 'यूएसजी अ‍ॅब्डोमेन', म्हणजे पोटाची सोनोग्राफी, एवढंच लिहून आलं तर उत्तर कुठल्या प्रश्नाला द्यायचं? आता काउंटरवर बायको विचारते: दुखतं नेमकं कुठे, किती दिवस, ताप आहे का, आधीचं ऑपरेशन, जुने रिपोर्ट आणलेत का. त्यात पाच मिनिटं जातात, सकाळच्या गर्दीत पेशंट कुरकुरतात. चिठ्ठीबद्दल विचारणारे माझे फोन दोन डॉक्टरांना आवडले नाहीत, त्यांचे पेशंट कमी झाले. हप्ता डोक्यावर असताना ते जाणवलं. तरी मागे यावंसं वाटलं नाही.

परवा त्याच जुन्या डॉक्टरांची चिठ्ठी आली. हस्ताक्षर थरथरतं, पण मजकूर पूर्ण: "बाई, वय 55. दोन दिवस ताप, उजव्या कुशीत कळ. वाट अडलीय का?" अडली होती. 7 मिलिमीटरचा खडा, मूत्रवाहिनीच्या वरच्या टोकाला, किडनी फुगलेली. बाई टेबलावरून उतरायच्या आत मी डॉक्टरांना फोन लावला.